ब्रेंटचा हिरवा दगड

ब्रेंटने टूथब्रशचा दांडा करवतीने अर्धा कापला, त्या दिवशी मला वाटलं, यंदा गडी खरंच निघतोय.

त्याआधीचे तीन हिवाळे तो नुसता निघतच होता. एडिंबराच्या लीथ भागातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्याने जगाचा नकाशा चिकटवला होता आणि त्यावर टाचण्या टोचून लाल लोकरीचा धागा ओढला होता. एडिंबरापासून सुरुवात. मग तुर्कस्तान, जॉर्जिया, बोटीने कॅस्पियन समुद्र, कझाकस्तान, चीन, लाओस, खाली सिंगापूर, तिथून बेटाबेटांनी ऑस्ट्रेलिया आणि शेवटी एखाद्या मालवाहू जहाजाने आमच्या न्यूझीलंडचं पार तळाचं टोक. तिथे मटाउरा नावाचं त्याचं गाव. विमानात पाय ठेवायचा नाही, आणि पाठीवरच्या पिशवीचं वजन नऊ किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही. अकरा डिसेंबरला त्याचा बाप सत्तर वर्षांचा होणार होता. त्या दिवशी पिशवी पाठीवर घेऊन बापाच्या फाटकातून चालत आत जायचं, एवढी एकच गोष्ट ब्रेंटला आयुष्यात करायची होती. बाकी कशाचं त्याला फारसं पडलेलं नव्हतं.

मी नोलीन. घराची भाडेचिठ्ठी माझ्या नावावर, म्हणून घरातली सगळी पोरं मला मावशी म्हणतात आणि माझ्या पाठीमागे जेलर म्हणतात. सकाळी मी एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. आमच्याकडे पोरं विशीत आली की दोन वर्षं जग बघायला बाहेर पडतात. न पडणाऱ्याकडे लोक जरा दयेने बघतात. मीही दोन वर्षांसाठी आले होते, त्याला आता एकवीस हिवाळे झाले. आमचे खापरपणजे इथल्याच थंडीला आणि जमीनदारांना कंटाळून जहाजात बसले होते. आम्ही शहाणे, तिकीट काढून त्याच थंडीत परत आलो.

थंडीही कसली, साडेतीनला अंधार पडतो. खिडक्यांना आतून पाणी सुटतं आणि चौकटीत काळी बुरशी धरते. छताला टांगलेल्या कपड्यांच्या दांड्यांवर मोजे चार-चार दिवस वाळत नाहीत, आणि आम्ही त्यांच्याखाली बसून चहा पितो. ब्रेंट परांच्या बांधायचा. समुद्रावरचं वारं अंगावर घेत, सहाव्या मजल्याच्या उंचीवर, लोखंडी नळ्या खांद्यावरून वर चढवायच्या. संध्याकाळी घरी आला की दहा मिनिटं त्याला बुटाची नाडी सुटायची नाही, बोटंच वळायची नाहीत. मी नाडी सोडून द्यायची आणि शिव्याही द्यायची.

"चौतीस वर्षांचा घोडा झालास. नाडी सोडायला बायको कर एखादी."

"तू आहेस की मावशी. फुकटात आहेस."

नाडी सुटली की तो सरळ नकाशासमोर उभा राहायचा.

आता त्या दगडाचं सांगते. आमच्याकडे नदीत एक हिरवा दगड सापडतो. तो घासून माशाच्या गळाच्या आकाराचा करायचा आणि दोरीत ओवून गळ्यात घालायचा. पाणी ओलांडून जाणाऱ्याला तो सांभाळतो म्हणतात. रीत मूळची माओरी लोकांची. आम्ही गोऱ्यांनी जमिनीसारखीच तीही उचलली. पण तिच्यातली एक गोष्ट आमच्यात पक्की बसली आहे. हा दगड स्वतःसाठी विकत घ्यायचा नाही. तो कुणीतरी द्यावा लागतो. परदेशात दोन न्यूझीलंडवाले भेटले की नाव-गाव विचारून होतं आणि मग नजर गळ्याकडे जाते. "कुणी दिला?" यावरून कळतं, की या माणसाच्या मागे कुणी आहे की नाही. माझ्याही गळ्यात एक आहे, बोटाच्या पेराएवढा. कुणी विचारलं तर आजीने दिला असं मी सांगते.

ब्रेंटचा चांगला मोठा होता, गडद, कडेला दुधी रेघ असलेला. आणि त्याच्यामागे गोष्ट होती. बाप कॉलिन, मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळीचा मुकादम, तोंडातून शब्द विकत घ्यावा लागेल असा माणूस. त्याने विमानतळावर पोराला जवळ घेतलं, स्वतःच्या हाताने दोरी बांधली आणि म्हणाला, "पाणी ओलांडून जा, आणि ओलांडूनच परत ये." ब्रेंट ही गोष्ट सुरेख सांगायचा. दोरीची गाठ मारताना बापाची बोटं कशी थरथरली, तेही सांगायचा. घरात नवं कुणी राहायला आलं की आम्हीच म्हणायचो, "ब्रेंट, दगडाची सांग." मी ती तीस वेळा तरी ऐकली असेल, आणि दर वेळी मला बरं वाटायचं.

विमानाने न जाण्याचं कारणही हेच. बाप म्हणाला ना, ओलांडूनच परत ये, म्हणून हा अख्खं जग जमिनीवरून आणि पाण्यावरून ओलांडणार होता.

त्या हिवाळ्यात त्याला सोबतही मिळाली. ट्रूडी आमच्याकडे ऑक्टोबरात राहायला आली. सत्तावीस वर्षांची, दाताच्या दवाखान्यात कामाला, तिची आई माओरी, आणि गाव त्या हिरव्या दगडाच्याच मुलखातलं. बोलायची कमी. दगडाची गोष्ट ऐकल्यावर ती उठून नकाशापाशी गेली आणि धागा बोटाने चाचपत म्हणाली, "सात ठिकाणी पाणी आहे."

"मोजलंस?"

"मी येऊ का? माझ्या गळ्यात काही नाही. आजी गेली तेव्हा मी शाळेत होते. पण तुझ्याकडे आहे, तर एका दगडावर दोघं जाऊ."

दोघांत प्रेमबिम नव्हतं, कुणी तसं समजू नका. माझा तसा गैरसमज झाला होता आणि दोघांनी मला चांगलं झापलं होतं. पण ती आल्यापासून नुसतं बोलणं संपून खरी तयारी सुरू झाली. दर रविवारी ओट्यावरच्या काट्यावर एकेक वस्तू तोलायची. सदरे तीन की दोन, यावर तासभर भांडण. ब्रेंट पिशवीत वाटाण्याचे डबे भरून बर्फातून आर्थरच्या टेकडीवर चढायचा आणि गुडघे धरून उतरायचा. खालच्या मजल्यावरची स्कॉटिश म्हातारी मला जिन्यात म्हणाली, "तुमचा तो माणूस डबे फिरवायला नेतो का हो?" ट्रूडीने धाग्यावर सात निळे मणी ओवले, पाण्याच्या सात जागी. चोवीस मार्च, मंगळवार, वेव्हर्ली स्टेशनातून सकाळची गाडी, असं ठरलं. तिकिटंही आली.

खरं सांगायचं तर माझा जळफळाट होत होता. एकवीस वर्षांत या घरातून साठेक पोरं गेली असतील. कुणी फिरायला गेलं, कुणी घरी. त्यांच्या उशा मीच झटकल्या. ब्रेंट नऊ वर्षं टिकला होता, आणि मला वाटत होतं की हा माझ्यासारखाच, हा काही जात नाही.

मार्चमध्ये त्याची धाकटी बहीण लीअॅन आली. तीन आठवड्यांची सुट्टी, दहा देश, असल्या धावत्या सहलीवर निघाली होती. मुद्दाम निरोपाच्या आधी दोन दिवस एडिंबरात उतरली. गोल तोंडाची, हसरी, आल्या आल्या माझ्या ओट्याचा ताबा घेतला आणि पावाच्या चिजाच्या सुरळ्या करायला बसली. त्यांच्या साउथलंड भागाची ती खासियत. पावावर चीज आणि कांद्याच्या सूपची पूड कालवून लावायची, गुंडाळायचं, वर लोणी फासून भाजायचं. ब्रेंटने पहिली सुरळी तोंडात घातली आणि डोळे मिटले.

"आईसारख्या झाल्यात का?" तिने विचारलं.

"आईच्या जरा करपायच्या," तो म्हणाला. आई त्यांची कधीच गेली होती.

निरोपाचं जेवण रविवारी दुपारी. पंधरा-सोळा जण होते, सगळे आमच्याकडचेच, पूर्वी या घरात राहून गेलेले. आमच्यात निरोपाचा एक शिरस्ता आहे: घरून आलेल्या माणसाने दोन शब्द बोलायचे. लीअॅन खुर्चीवर चढली. छताच्या दांडीवरचा एक मोजा तिच्या कानाला लागत होता. सगळे हसले. तिने खिशातून तपकिरी कागदाची पुडी काढली.

"मला भाषण येत नाही. बाबांनी हे पाठवलंय." ती पुडी सोडायला लागली. "त्यांना मी सांगितलं, ब्रेंट चालत घरी येतोय. आठ दिवस काही बोलले नाहीत. मग एकदा दूध काढता काढता म्हणाले, तो गेला तेव्हा मी त्याला काही दिलं नाही. ऐन कातरणीत टोळी सोडून चालला म्हणून रागात होतो. विमानतळावर गेलोच नाही. नऊ वर्षं खुपतंय. मग त्यांनी स्वतः नदीवर जाऊन दगड आणला, ब्रेंट. घासायला चार महिने लागले. जरा वेडावाकडा झालाय, पण—"

तिने दगड वर धरला. फिकट हिरवा, एका बाजूने जाड. मग तिची नजर भावाच्या गळ्याकडे गेली. दोन दिवस त्याने मफलर काढला नव्हता. जेवताना उकडलं म्हणून तेवढ्यात काढला होता.

"अय्या," ती म्हणाली. "तुला कुणी दिला?"

 गोष्ट सगळ्यांना पाठ होती, विमानतळ, गाठ, थरथरणारी बोटं. ब्रेंटचा चेहरा कपाळापासून खाली लाल होत गेला. तो काही बोलला असता तर वेळ निभावली असती. त्याने नुसता हात गळ्याशी नेला.

ट्रूडी हळू आवाजात म्हणाली, "विकत घेतलास?"

"ऑकलंडच्या विमानतळावर," तो म्हणाला. "पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारलं. मी म्हटलं बाबांनी. मग..." 

"घेतलास त्याचं काही नाही," ट्रूडी म्हणाली. "आजी म्हणायची, दगड आपलं माणूस आपण शोधतो. पण तू दगडाच्या तोंडी बापाचे शब्द घातलेस. त्या शब्दांवर मी सात समुद्र ओलांडणार होते."

यात रागही नव्हता. इथे कुणीतरी उठून त्याच्या पाठीवर थाप मारायला हवी होती. सगळे माझ्याकडे बघत होते, मावशी काय म्हणते म्हणून. आणि माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "ऑकलंडला बापही मिळतात का रे दुकानात? मला ठाऊक असतं तर मीही एखादा आणला असता."

घर हशाने दणाणलं. लोकांना सुटका हवी होती, ती मी दिली. ब्रेंटही हसला. हसता हसता त्याने गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली आणि दगड सुरळ्यांच्या ताटात ठेवला, लोण्यात. लीअॅन अजून खुर्चीवरच उभी होती, हातात तो दुसरा दगड धरून. तो घ्यायला त्याने हात पुढे केलाच नाही.

मंगळवारी सकाळी वेव्हर्ली स्टेशनात ट्रूडी एकटी गाडीत बसली. तिने शेवटपर्यंत दाराशी जागा धरून ठेवली होती, हे तिने मला नंतर कळवलं. ब्रेंट सोमवारीच गेला होता, कामावरून परस्पर. पिशवी, नऊ किलोची, काटेकोर भरलेली, त्याच्या खोलीत तशीच. आठवड्याने निरोप आला, की उत्तरेला पीटरहेडच्या बंदरात परांच्यांचं काम मिळालंय, पिशवी कुणाला तरी देऊन टाक. लीअॅन जाताना तपकिरी पुडी माझ्या हातात देऊन गेली. रडून तिचं नाक सुजलं होतं.

"तुम्ही द्या त्याला, मावशी. तुमचं ऐकतो तो."

पुडीत एक चिठ्ठीही होती. दुसऱ्याची चिठ्ठी वाचू नये हे मला कळतं. मी वाचली. कागदाच्या मधोमध पेन्सिलीने एकच ओळ: 'या डिसेंबरात कातरणीला हात कमी पडणार आहेत.' खाली सहीसुद्धा नाही.

मी ती पुडी आठ महिने ठेवून घेतली. पोस्टाने गहाळ होईल, स्वतः जाईन, उन्हाळ्यात जाईन, असं म्हणत राहिले. नकाशावरचा धागा मात्र मी काढला नाही. ट्रूडीचं कार्ड आलं की तिथली टाचणी पाहायची. तिबिलिसी. मग अल्माटी. नोव्हेंबरात लीअॅनचा फोन आला. "बाबा विचारतायत, कुठवर आला. मी खोटं सांगत आले, मावशी. मी सांगितलं, लाओसात आहे. ते रोज नकाशात बघतात." मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहिली बस धरली.

पीटरहेडला वाऱ्याने माणूस सरळ उभा राहत नाही. बंदरावर कामगारांच्या पत्र्याच्या खोलीत तो चहा पीत बसला होता. दाढी वाढवलेली, गळा मोकळा. मला बघून उठला, खुर्ची दिली.

"मावशी, तू? कोण मेलं?"

"कुणी नाही." मी पुडी टेबलावर ठेवली. त्याने चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. दगड तळहातावर घेऊन त्याची जाड बाजू अंगठ्याने चोळत राहिला. बाहेर कुणीतरी नळ्या टाकत होतं, खणखण आवाज येत होता.

"विमानाने जा," मी म्हटलं. "परवा निघालास तरी अकरा डिसेंबरच्या आधी पोचशील. चालत जायचं भूत सोड. लीअॅनने बापाला सांगितलंय, तू लाओसात आहेस."

 मग मी माझी दोरी कोटातून बाहेर काढली. इतकी वर्षं ती कुणासमोर मुद्दाम काढावी लागली नव्हती.

"हा ख्राइस्टचर्चच्या विमानतळावरचा आहे. मीही स्वतःच घेतला. मला आजी होती, पण तिने मला निघताना दारसुद्धा उघडलं नाही. एकवीस वर्षं मी सांगतेय, आजीने दिला."

त्याने माझ्या दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही. तुलाच सांगितलं."

"आणि त्या दिवशी, तू ते दुकानातल्या बापाचं बोललीस, तेव्हा हा गळ्यात होता?"

"होता."

"तेव्हा दाखवला असतास तर?"

"तर सगळे मला हसले असते," मी म्हटलं. ते खरंही होतं.

"हो," तो म्हणाला. "थोडा वेळ हसले असते. आणि मी मंगळवारी गाडीत बसलो असतो." त्याने दगड कागदात पूर्वीसारखा नीट गुंडाळला, घडीवर घडी, आणि माझ्या पुढ्यात सरकवला. "म्हाताऱ्याला वाटतंय मी लाओसात आहे. आता विमानातून उतरून काय सांगू? नऊ वर्षं खोटं बोललो, वर हे आठ महिन्यांचं? चहा घेतेस का?"

मी चहा घेतला. साखर नव्हती.

अकरा डिसेंबर येऊन गेला. लीअॅनने बापाला काय सांगितलं, मी विचारलं नाही. ट्रूडी जानेवारीत घरी पोचली. तिने मला कार्ड पाठवलं, त्यात ब्रेंटचं नाव नव्हतं. त्याची पिशवी मी कुणाला दिली नाही, आणि ती तपकिरी पुडीही माझ्या ओट्याच्या खणात आहे, रबरबँडांच्या आणि जुन्या किल्ल्यांच्या मागे. तिच्यातला दगड मला कुणी दिलेला नाही, म्हणून मी तो घालू शकत नाही. ज्याचा आहे तो घेत नाही.

यंदाही साडेतीनला अंधार पडतोय. ब्रेंटच्या खोलीत आमच्याकडच्याच टिमारू गावची एक नवी पोर राहायला आलीय, बावीस वर्षांची, दोन वर्षांसाठी आलीय म्हणते. गेल्या आठवड्यात ती नकाशासमोर उभी राहून चहा पीत होती. वळून तिने माझ्या गळ्याकडे पाहिलं.

"किती छान आहे, मावशी. कुणी दिला?"

"आजीने," मी म्हटलं.